कासवाला काय खायला द्यायचं?

जूनच्या शेवटी शाळा सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा बुटांचा खोका छातीशी धरून स्टाफरूमच्या दाराशी आला. "आपा, ये कुछ खाता नई," एवढंच म्हणाला आणि त्याने झाकण उघडलं.

आत लिंबाएवढं कासव होतं. काळपट पाठीवर पिवळ्या रेषा, आणि पाठीच्या प्रत्येक तुकड्यावर त्या रेषांची एक चांदणी. शेजारी टोमॅटोची फोड, दुधात भिजवलेला पाव आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पाणी. रात्री त्याला त्या पाण्यात ठेवतो, असं त्याने सांगितलं. कासव म्हटलं की पाणी, हा त्याचा साधा हिशेब होता. मामूने दुसऱ्या शहरातून आणलं होतं. घरात कासव ठेवलं की बरकत येते, असं मामूला कुणीतरी सांगितलं होतं. दहा दिवस झाले होते. पहिले तीन दिवस त्याने टोमॅटो खाल्ला, नंतर डोळे मिटून पडून राहू लागलं.

"आपा, इसको क्या खिलाना?"

मी मराठी आणि उर्दू शिकवते. बी.एड.ला बालमानसशास्त्र होतं, कासव नव्हतं. पण हा प्रश्न मला आधी एकदा पडला होता आणि तेव्हा मी त्याचं उत्तर शोधलं नव्हतं. म्हणून या वेळी शोधलं. जे कळलं ते लिहिते आहे, कारण खाप्यात काय किंवा नागपुरात काय, हा खोका अनेक घरांत आहे.

आधी माझी चूक सांगते. नोकरीला लागल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. भाच्यासाठी मी मत्स्यालयाच्या एका दुकानातून हिरवं, कानाशी लाल पट्टा असलेलं, पाच रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं कासव घेतलं. सोबत काचेचा वाडगा, रंगीत खडे, प्लास्टिकचं माडाचं झाड आणि सुक्या झिंग्यांची डबी. "हे एवढंच राहतं, वाढत नाही," असं दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. आठवड्यातून एकदा पाणी बदलायचं, रोज चिमूटभर झिंगे टाकायचे. पावसाळ्यानंतर त्याचे डोळे सुजले. पाठीला बोट लावलं तर ती ओल्या पुठ्ठ्यासारखी दबायची. डिसेंबरात एका सकाळी ते पाण्यावर तरंगत होतं. त्याच आठवड्यात मी पाचवीला प्राण्यांवर दया करा असा धडा शिकवत होते. वही तपासताना मुलांनी लिहिलेली उत्तरं वाचवत नव्हती.

ते कासव "वाढत नाही" असं नव्हतं. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं रेड-इअर्ड स्लायडर होतं. नीट जगलं तर ते जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि तीसेक वर्षं जगतं. वाडग्यात वाढत नाही, कारण वाडग्यात ते मरतं.

आता भाषेच्या शिक्षिकेची एक तक्रार. आपल्याकडे पाण्यातलं असो की जमिनीवरचं, शब्द एकच: कासव. उर्दूत कछुआ, तिथेही तेच. इंग्रजीत जमिनीवरच्याला टॉर्टॉइज म्हणतात आणि पाण्यातल्याला टर्टल. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. टॉर्टॉइजचे पाय खांबासारखे गोल असतात, पाठ घुमटासारखी उंच. त्याला पोहता येत नाही. टर्टलचे पाय चपटे, बोटांमध्ये पडदा, पाठ बसकी. एकाला रात्रभर पाण्यात ठेवलं तर ते बुडून मरेल, दुसऱ्याला कोरड्या खोक्यात ठेवलं तर ते सुकेल. शर्यत जिंकणारं पुस्तकातलं कासव जमिनीवर चालत होतं, हे आपण मुलांना कधी सांगतच नाही. म्हणून पहिली गोष्ट ही: घरात आलेलं कासव कोणतं आहे, ते त्याचे पाय बघून ओळखा. त्या मुलाचं कासव जमिनीवरचं होतं. भारतीय तारांकित कासव, स्टार टॉर्टॉइज. ते गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळरानांत, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या झुडपी रानांत आणि श्रीलंकेत सापडतं.

त्याला काय खायला द्यायचं? रानात ते मुख्यतः गवत, रानपाला, गळालेली फुलं, पडलेली फळं आणि निवडुंगाचे पानोळे खातं. म्हणजे चोथा भरपूर, प्रथिनं कमी, कॅल्शियम जास्त. आपल्या घरात याच्या बरोबर उलटं असतं. पाव, पोळी, भात, दूध हे त्याचं अन्नच नाही. दूध पचवणारी यंत्रणा सरपटणाऱ्या प्राण्याच्या पोटात नसते. टोमॅटो, केळं, काकडी ते आवडीने खातं, पण ते मुलांनी रोज चॉकलेट खाण्यासारखं. पालक आपल्याला पौष्टिक वाटतो, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते हाडापर्यंत पोचू देत नाही. कासवाची पाठ म्हणजे हाडच. द्यायचं असेल तर दूर्वा, जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, काटे काढलेला निवडुंग. तेही औषध न फवारलेल्या जागेतलं. आपल्या भागात संत्र्याच्या बागांच्या बांधावरचं गवत हिरवंगार दिसतं, पण बागेत फवारणी होते, म्हणून तेही चालणार नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, जो पक्षी पाळणारे पिंजऱ्यात अडकवतात, तो चालतो.

पण पोट भरलं तरी काम होत नाही. खाल्लेलं कॅल्शियम हाडात जायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीत तयार होतं. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, ते किरण येत नाहीत. म्हणून काचेच्या पेटीत, खिडकीशी, "उन्हात" ठेवलेलं पिल्लूही मऊ पडतं. माझ्या वाडग्यातल्या कासवाची पाठ का दबत होती, ते मला इतक्या वर्षांनी समजलं.

आणि घर? पिल्लाला चालायला जागा हवी, पायाखाली फरशी नव्हे तर माती हवी, लपायला एक अंधारी, दमट जागा हवी. सतत कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवर वेडेवाकडे उंचवटे येतात आणि ते जन्मभर जात नाहीत. ऊन घ्यायच्या कोपऱ्यात तापमान बत्तीस ते पस्तीस अंश असावं, दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास, म्हणजे त्याला स्वतः निवड करता येईल. कासवाला घाम येत नाही, अंगात उष्णता तयार करता येत नाही. ऊन आणि सावली यांच्यात चालत राहणं हाच त्याचा पंखा आणि हीच त्याची शेकोटी. खोक्यात चालायलाच जागा नसते. त्यात आपला नागपूर जिल्हा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, टिनाच्या छताखाली त्याहून जास्त. त्या छताखालचा बुटांचा खोका म्हणजे भट्टीच. पाणी पसरट बशीत, इतकंच खोल की हनुवटी वर राहील. रोज दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं आणि समोर थांबायचं.

हे सगळं मी त्या मुलाला फळ्यावर लिहून दाखवलं. तो ऐकत होता, मधेच वहीत उतरवत होता. शेवटी त्याने विचारलं, "और ये कितने साल जिएगा?" मी म्हटलं, तीस-चाळीस वर्षं सहज. त्याने बोटांवर हिशेब केला. "आपा, तब मैं आपसे भी बड़ा हो जाऊंगा."

मला वाटतं, पाळण्याचा विचार करणाऱ्याने आधी हाच हिशेब करायला हवा. प्राणी आणायला पाच मिनिटं लागतात, पण तो जगतो आपल्या अर्ध्या आयुष्याएवढा.

यानंतर मला त्याला ते सांगावं लागलं जे मी सकाळपासून टाळत होते. तारांकित कासव आपल्या देशात घरात पाळताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पकडणं, विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं, सगळं गुन्हा आहे. २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याला घातलं गेलं, म्हणजे जगभर त्याचा व्यापार बंद. हे उगाच झालं नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच व्यापारी ठिकाणाहून एका वर्षात किमान ५५,००० तारांकित कासवं रानातून उचलली गेल्याचं नोंदवलं आहे. पाठीवरची चांदणीच त्याची वैरी झाली.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याचे अब्बू ऑटो चालवतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग पहिला प्रश्न विचारला, "आपा, हमारे ऊपर केस होगा क्या?" ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. प्राण्यांच्या कुठल्याही कायद्याचं नाव निघालं की आपल्या मोहल्ल्यात माणसं आधी गप्प होतात, मग दार लावून घेतात. शेजारचे एक चाचा म्हणाले, रात्री कन्हानमध्ये सोडून द्या, ना कुणी बघेल ना कुणी विचारेल, सवाबही मिळेल.

सगळ्यांना पटलेला हाच उपाय सर्वांत वाईट होता. नदी तीनशे पावलांवर, पावसाने फुगलेली. ज्याला पोहता येत नाही त्या पिल्लाला त्या पाण्यात सोडणं म्हणजे सुटका नव्हे, बुडवणं. माळरानावर सोडलं असतं तरी हे कासव आपल्या भागातलं नाही. शिवाय बाजारात दहा जागी फिरलेलं जनावर आपल्याबरोबर कोणता आजार घेऊन येतं, तो इथल्या कासवांना लागेल का, हे कुणाला ठाऊक? पाण्यातल्या स्लायडरची गोष्ट याच्या उलट. ते बुडत नाही, उलट फार चांगलं जगतं. मोठं झालं, वास मारू लागलं, की लोक ते तळ्यात सोडतात आणि तिथे ते आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावतं. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. सवाब म्हणून सोडलेलं कासव असं दुसऱ्यांच्या जिवावर उठतं.

दुसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला. अर्ज मी मराठीत लिहिला: कासव कुठून आलं, किती दिवस होतं, आम्हाला कायदा ठाऊक नव्हता, कळताच स्वतःहून सुपूर्द करत आहोत. खाली मुलाच्या अब्बूंची सही, साक्षीदार म्हणून माझी. त्याची एक प्रत आम्ही ठेवली. कासव घेऊन गेले, दोन-चार प्रश्न विचारले, आणि त्या दिवशी तरी तेवढ्यावर भागलं. मी वकील नाही आणि प्रत्येक ठिकाणी असंच होईल याचं वचन कायदा देत नाही. पण लपवून ठेवणं, विकून टाकणं किंवा नदीत फेकणं यापेक्षा स्वतःहून, लेखी, साक्षीदारासह देणं केव्हाही बरं. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी-आजारी वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात. हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवं.

मुलगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी वही द्यायला आला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "आप ही बोलते थे जानवरों पे रहम करो. मैं तो कर रहा था."

तो खरं बोलत होता. त्याने त्या पिल्लासाठी स्वतःच्या वाटणीचं दूध ठेवलं होतं. माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला दोन रिवायती सांगितल्या, ज्या त्याने मदरशात ऐकलेल्या होत्याच. अबू उमैर नावाच्या लहान मुलाकडे एक चिमणीसारखा पक्षी होता. तो मेला तेव्हा रसूलुल्लाहनी त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली. यावरून बऱ्याच उलमांनी पक्षी पाळायला हरकत नाही असा अर्थ काढला आहे. दुसरी त्या बाईची, जिने मांजर कोंडून ठेवलं आणि ते उपाशी मेलं. तिच्यावर ठपका दोन गोष्टींचा आला: तिने त्याला खाऊ घातलं नाही, आणि स्वतः शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. मी त्याला म्हटलं, यात दोनच रस्ते सांगितले आहेत बेटा. नीट खाऊ घाल, नाहीतर त्याचं त्याला शोधू दे. तुझ्या खोक्यात दोन्ही होत नव्हतं. माझ्या वाडग्यातही नव्हतं. तुझं मन वाईट नव्हतं, आपल्याला माहिती नव्हती. पण कासवाला आपलं मन खाता येत नाही.

बरकतीचं बोलायचं तर, त्या समजुतीला मला दीनमध्ये कुठेही आधार सापडला नाही. वास्तू आणि फेंगशुईच्या दुकानांतून ती आपल्या घरात आली आणि आपण तिला आपलं नाव दिलं. आपल्याच परंपरेत कासवाची याहून चांगली जागा आहे. बांगलादेशात चट्टोग्राम इथे बायझीद बोस्तामींच्या दर्ग्याच्या तलावात काळी मऊ पाठीची कासवं पिढ्यान् पिढ्या राहतात. दर्ग्याची म्हणून त्यांना कुणी मारत नाही. ही जात रानातून संपली आहे असं २००२ मध्ये जाहीर झालं होतं, तेव्हाही ती त्या तलावात होती. नंतर आसाममधल्या हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराच्या तलावातही तीच सापडली. दर्गा आणि मंदिर, दोन्हीकडे लोकांनी त्यांना घरी नेलं नाही, म्हणून ती उरली. भाविक तिथेही पाव आणि केळी टाकतात, हा भाग वेगळा. खाऊ घालायची आपली हौस सगळीकडे सारखीच आहे.

मग मुलांनी प्राणी पाळूच नयेत का? असं माझं म्हणणं नाही. घरात स्लायडर आधीच असेल तर आता ती जबाबदारी आहे, निभावा. वाडगा काढा, मोठी टाकी ठेवा. पाण्याबाहेर येऊन अंग सुकवता येईल असा दगड द्या, रोज थोडा वेळ काचेशिवायचं कोवळं ऊन, सावलीची सोय ठेवून. सुके झिंगे हे पूर्ण अन्न नाही, चांगलं तयार खाद्य आणि वय वाढेल तसा पाला द्या. हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. कासवांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंमुळे मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली. आणि काहीही झालं तरी बोडीत, तळ्यात, नदीत सोडू नका.

नवं आणायचं असेल तर दुकानात पैसे काढण्याआधी चार गोष्टी विचारा. हे कोणतं आहे? पूर्ण वाढल्यावर केवढं होतं? किती वर्षं जगतं? ते जवळ ठेवायला कायद्याची परवानगी आहे का? दुकानदाराला यातल्या एकाचंही उत्तर देता आलं नाही, तर रिकाम्या हाताने घरी या. मूल रडेल. माझा विद्यार्थीही रडला.

मराठी संतांच्या वाङ्मयात कासवीची एक उपमा येते. ती पिलांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. शास्त्र सांगतं की तसंही नाही. मादी अंडी पुरते आणि निघून जाते, पिल्लू पहिल्या दिवसापासून आपलं आपण खातं. मला मात्र वाटतं, ती उपमा आपल्यासाठी ठीक आहे. काही जिवांवरचं प्रेम नजरेनेच करायचं असतं.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडला तेव्हा मी सहावीच्या मुलांना गावाबाहेरच्या बोडीवर नेलं. बराच वेळ काही दिसेना. मग पाण्यातून निघालेल्या एका लाकडावर एक मऊ पाठीचं देशी कासव चढून बसलं. मुलं ओरडणार तेवढ्यात खोकेवाल्यानेच सगळ्यांना दटावलं, "चुप! भाग जाएगा." ते पाच मिनिटं बसलं, मग आपणहून पाण्यात उतरलं. परतताना तो माझ्या शेजारून चालत होता.

"आपा," तो म्हणाला, "इसको कौन खिलाता होगा?"

मी उत्तर दिलं नाही. तोच थोड्या वेळाने म्हणाला, "कोई नई."